सर्व्हररूममधला सुट्टीचा शुक्रवार

"शेख, खरं सांगा. हे मशीन आपोआप मरतं का कुणी मारतं?"

जगताप साहेबांनी हे विचारलं तेव्हा मी फरशीवर मांडी घालून बसलो होतो. समोर सर्व्हरचं झाकण उघडं, मांडीवर स्क्रूचा डबा, तोंडात टॉर्च. टॉर्च काढून मी म्हणालो, "साहेब, झाकण आत्ता तर उघडलंय. जरा श्वास घेऊ द्या."

"तुम्ही घ्या श्वास. मला पुण्याहून फोन येतोय. माल गेला का नाय, कोणत्या गाडीत गेला, कायबी सांगता येईना मला."

औरंगाबादला, चिकलठाण्याच्या एमआयडीसीतला हा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवायचा. जगताप साहेब तिथले वर्क्स मॅनेजर. मी कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो, घर शहागंजला. नव्वदीची सुरुवात. शहर झपाट्यानं वाढत होतं, रोज कुठंतरी नव्या शेडचे खांब उभे राहत होते. आणि दुसरीकडं विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला. कधी या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा. कामगारांच्या बसला खिडक्यांवर जाळ्या मारलेल्या होत्या.

सर्व्हर म्हणजे काय, हे तेव्हा साहेबांनाही समजावून सांगावं लागायचं. तुम्हालाही सांगतो. ऑफिसात आठ-दहा कॉम्प्युटर असतात. त्या सगळ्यांची माहिती एका वेगळ्या मशीनवर ठेवलेली असते. स्टोअरवाला, डिस्पॅचवाला, अकाउंट्सवाला, सगळे त्याच्याकडं मागतात आणि तो देतो. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे हेच एक काम करणारं मशीन, त्याच्यावर बसून कुणी पत्र टाइप करायचं नाही. तो पडला की सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं.

हा सर्व्हर पडायचा. रोज नाही. रोज पडला असता तर बरं झालं असतं, रोज पडणारी वस्तू लवकर दुरुस्त होते. हा महिना-महिना गुमान चालायचा आणि नेमका बंदच्या दिवशी पडायचा. भर दुपारी, चालता चालता, कुणी बटण दाबावं तसा. दोन-तीन मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू व्हायचा, पण तोवर आतल्या अर्धवट लिहिलेल्या फाइलींचा बट्ट्याबोळ झालेला असायचा.

"बंदच्या दिवशीच कसा काय?" साहेबांनी आवाज खाली घेतला. "अन् बंदच्या दिवशी या खोलीत कोण असतं? एकटी साळवे बाई."

सुनंदा साळवे पाचोडची. सर्व्हर सांभाळणं, रोज बॅकअप घेणं हे तिचं काम. नोकरी लागून वर्ष होत आलं होतं, कायम व्हायची होती. राहायला मुकुंदवाडीत, कारखान्यापासून चालत येण्याच्या अंतरावर. कारखान्यात तेलावर चालणारी एक भट्टी होती. ती थंड केली तर आतल्या विटा तडकतात, म्हणून कितीही बंद असो, भट्टी चालू ठेवावी लागायची. मशिनी बंद, पण भट्टीवर चार माणसं आणि तयार झालेला माल कॉम्प्युटरवर चढवायला एक जण. बस यायची नाही, त्यामुळं बाकीचं ऑफिस घरी बसायचं. सुनंदा चालत यायची.

आणि तिचा भाऊ विद्यापीठात शिकत होता, नामांतराच्या मोर्चात पुढं असायचा. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवसांत माणसाचं गाव विचारलं की पाठोपाठ 'गावात कोणत्या अंगाला?' असं विचारायचे. उत्तर आलं की विचारणाऱ्याचा चेहरा एकतर सैल पडायचा, नाहीतर आवळायचा. मला शहागंज म्हटल्यावर पुढचं कुणी विचारायचं नाही, नावातच सगळं आलेलं असायचं.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, लाइट गेल्यावानी झालं. अहो, लाइट गेलीच नव्हती. वॉचमन सांगतो, ट्यूबा चालू होत्या, पंखा फिरत होता. मग एकटं मशीन कसं बंद पडतं?"

मी म्हणालो, "साहेब, मशीन जुनं आहे. मेमरी तोकडी, डिस्क आवाज करते. आधी अपग्रेड करू, मग बोलू." साहेबांनी मान हलवली, पण समाधान काही झालेलं दिसेना.

दुसऱ्या दिवशी नवे पार्ट घेऊन आलो. मदतीला सुनंदाच होती. मशीन बंद करून प्लग काढला. मेमरीची पट्टी हातात घेण्याआधी सर्व्हरच्या लोखंडी सांगाड्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते. ती वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिप जाळायला पुरते. सुनंदानं न सांगता हात लावला, मग पट्टी उचलली. मला बरं वाटलं. आमच्या कंपनीतले दोघे-तिघे इंजिनियर हे करायचे नाहीत.

जुनी मेमरी होती चार एमबी. आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटो तेवढा असतो. तिची सोळा केली. डिस्क एकच होती, तिच्या जागी दोन नव्या बसवल्या आणि दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाईल अशी व्यवस्था केली. एक गेली तरी दुसरी उभी. दोन डिस्कना वीज जास्त लागते म्हणून पॉवर सप्लायही मोठा टाकला. सुरू केलं तर दुसरी डिस्क दिसेचना. केबलच्या शेवटी एक टर्मिनेटर लागतो, छोटासा तुकडा, तिथं केबल संपली हे मशीनला कळावं म्हणून. तो मी डब्यातच ठेवला होता. सुनंदानं डबा पुढं केला आणि दुसरीकडं बघत हसली.

"हसा," मी म्हणालो, "पण साहेबांना सांगू नका."

"माझं ऐकतंय कोण, शेखभाई?" ती म्हणाली. आता हसत नव्हती. "मला कळतं सगळं. मी आत आले की बोलणं थांबतं त्यांचं. आईला सांगितलं नाही अजून. पुढच्या महिन्यात कायम होणार म्हणून तिनं आख्ख्या पाचोडला सांगून ठेवलंय."

"आता नाही पडणार मशीन," एवढं म्हणालो. कस्टमरला असा शब्द द्यायचा नसतो हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

निघण्याआधी मी स्टॅबिलायझरही तपासला. विजेचा दाब खाली-वर झाला तरी मशीनला सारखा दाब पोचवणारा डबा तो. टेबलाखाली, कपाटामागं कोंबलेला होता. मीटर लावला, सगळं बरोबर. सर्व्हर मस्त पळायला लागला. डिस्पॅचवाला म्हणाला, "आता चहा प्यायला वेळच मिळत नाय राव, लगेच उत्तर देतंय हे." मी बिल लावून मोकळा झालो.

काही आठवडे गेले आणि पुन्हा बंद पुकारला गेला. शहरात दगडफेक, क्रांतीचौकाकडं जाऊ नका म्हणून घरोघरी निरोप. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसात फोन वाजला. जगताप साहेब. आवाजात राग नव्हता.

"गेलं तुमचं नवं मशीन. काल दुपारी. या."

गेलो तर सर्व्हररूमला कुलूप. किल्ली साहेबांनी सुनंदाकडून मागून घेतली होती, तीही भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत. ती कँटीनच्या कोपऱ्यात बसली होती, समोर चहा तसाच, साय धरलेला.

साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. "शेख, मेमरी नवी. डिस्क नवी. सप्लाय नवा. आता मशीनला दोष देऊ नका. जुनं काय राहिलं त्या खोलीत? बाईच राहिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्याकडं पुरावा नव्हता आणि साहेबांचं गणित वरवर तरी बरोबर होतं. सगळं बदललं, एक बदललं नाही, म्हणजे दोष तिथं. आम्हीही मशीन असंच तपासतो.

"तिला काढताय?"

"कायम करत नाय, एवढंच. बोभाटा न करता." मग म्हणाले, "मला काय आनंद होतोय का? माझ्या गावात काय चाललंय तुम्हाला ठाऊक नाय. रात्री झोप लागत नाय मला. उद्या कुणी भट्टीत कायतरी घातलं तर? जबाबदार कोण? मी."

माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. त्या वर्षांत गावोगाव सगळेच एकमेकांना घाबरून होते, आणि साहेबांच्या हातात घाबरायचा अधिकार जास्त होता, एवढंच.

मी कँटीनमध्ये सुनंदासमोर जाऊन बसलो. म्हणालो, "ताई, काल दुपारी काय झालं ते पहिल्यापासून सांगा. मशीनचं सोडून बाकीचं पण सांगा."

"काय सांगू? सकाळी आले. भट्टीवाल्यांनी माल दिला, तो चढवत होते. पंखा लई जोरात पळत होता, कागद उडायला लागले म्हणून त्यांच्यावर स्टेपलर ठेवला, पंच ठेवला. मग एकदम स्क्रीन काळी. मी हात पण लावला नव्हता, शेखभाई, दोन्ही हात कागदांवर होते माझे."

"पंखा रेग्युलेटरवर कमी करायचा ना."

"दोनवरच होता. बंदच्या दिवशी तो दोनवरपण तसाच पळतो."

मी चहाचा कप हातात घेतला होता, तो खाली ठेवला.

पंखा जोरात पळतो म्हणजे विजेचा दाब जास्त. आता हे ऐकून कुणी हसलं असतं. औरंगाबादेत तेव्हा सगळ्यांचं रडगाणं एकच, व्होल्टेज कमी. रोज नवा कारखाना, प्रत्येकाच्या मोटारी त्याच तारांवर लटकलेल्या. ट्यूब लागायची नाही, मोटारी जळायच्या. व्होल्टेज जास्त येतं अशी तक्रार मी सगळ्या नोकरीत ऐकली नव्हती. म्हणून तर स्टॅबिलायझर तपासताना ती बाजू डोक्यातही आली नाही. पण बंदच्या दिवशी? सगळी एमआयडीसी थंड. तारांवरचं ओझं उतरलेलं. दाब चढणारच. तरी तो इतका चढेल की स्टॅबिलायझर हात वर करेल, हे काही पटेना. पाणी आणखी कुठंतरी मुरत होतं.

मी कचरूमामाकडं गेलो. कचरूमामा कारखान्याचे इलेक्ट्रिशियन. फर्दापूरकडचे, मेंढरं वळणाऱ्या घरातले, आयटीआय करून इथं लागलेले. ट्रान्सफॉर्मरच्या जाळीच्या आत दुसऱ्या कुणाला पाय ठेवू द्यायचे नाहीत.

"मामा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप कितीवर आहे?"

टॅप म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची एक खुंटी. ती फिरवली की बाहेर पडणारं व्होल्टेज एक-एक पायरी वर किंवा खाली करता येतं. मामांनी बिडी विझवली. "तुमाला काय करायचंय? तुमी तुमचा डबा बघा."

"माझा डबा तुमच्या टॅपमुळं बंद पडतोय असं वाटतंय."

"मी कायबी चुकीचं केलं नाय," मामा एकदम तिखट झाले. "उन्हाळ्यात मोटारी जळत होत्या. साहेबच म्हणले, कचरू, व्होल्टेज वाढव, कसंबी कर. मी टॅप वर घेतला. शेवटच्या पायरीला. तवापासून एक मोटार जळली नाय. व्हय का नाय ते विचारा साहेबास्नी."

"व्हय मामा, बरोबरच केलं. पण मशिनी बंद असतात तेव्हा किती येतं, मोजलंय का?"

"मशिनी बंद असल्यावर कशाला मोजू? तवा लागतंय कुणाला?"

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. सगळ्या कारखान्याचं दुखणं चालू मशिनींचं होतं, औषध त्याच हिशेबानं दिलेलं. बंद कारखान्यात एक मुलगी कॉम्प्युटर लावून बसते, हे त्या औषधात धरलेलं नव्हतं. एवढं मात्र खरं की मामा आता घाबरले होते. एकाला सोडवायला जाऊन मी दुसऱ्याला अडकवतोय की काय, असं मला वाटून गेलं.

मी साहेबांकडं परत गेलो. नुसतं सांगून उपयोग नव्हता, बाईला वाचवायला इंजिनियर गोष्ट रचतोय असं ते म्हणाले असते. म्हणून म्हणालो, "साहेब, एक मागणं आहे. शुक्रवारी सर्व्हर चालू ठेवायचा. तुम्ही स्वतः तिथं बसायचं. साळवे ताई घरी. किल्ली तुमच्या खिशात."

चिकलठाण्याच्या भागाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. त्या दिवशी आजूबाजूचे सगळे कारखाने थंड. ऑफिसही नसायचं, भट्टीचा माल शनिवारी चढवायचे, म्हणून सर्व्हर गुरुवारी संध्याकाळीच बंद करून ठेवायचे. त्यामुळंच तो कधी शुक्रवारी पडला नव्हता.

"सुट्टीच्या दिवशी मी मशीनपाशी बसू? मला काय दुसरे उद्योग नायत?"

"एका माणसाची नोकरी चाललीय, साहेब. एक शुक्रवार द्या."

कुरकुरत का होईना, हो म्हणाले. माझी जुम्म्याची नमाज चुकणार होती, त्यावरून घरी अम्मीनं जे ऐकवायचं ते ऐकवलं. शुक्रवारी आम्ही तिघं त्या खोलीत होतो. साहेब खुर्चीवर पेपर घेऊन, मी फरशीवर मीटर घेऊन, आणि कचरूमामा दारात उभे, आत यायला तयार नाहीत. कपाट ओढून स्टॅबिलायझर मी सगळ्यांना दिसेल असा पुढं आणला होता.

घरात दोनशे तीस येतं, ते तुम्हाला माहीत असेल. सकाळी मीटरवर दोनशे पन्नासच्या आसपास होतं. साहेबांनी पेपर संपवला. मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केला. दुपार झाली तसा आकडा चढायला लागला. दोनशे साठ ओलांडले. वरचा पंखा घुमायला लागला. साहेबांच्या हातातला पेपर फडफडला, त्यांनी तो गुडघ्याखाली दाबला.

"हा पंखा कुणी वाढवला?"

"कुणीच नाही, साहेब. इकडं बघा."

आकडा दोनशे पंच्याहत्तरच्या पुढं गेला आणि स्टॅबिलायझरनं 'टक्' केलं. इतका साधा आवाज. एरवी कपाटामागून, पंख्याच्या घुमण्यात तो कुणाला ऐकू आला नसता. दाब फार वाढला की पुढचं मशीन जळू नये म्हणून स्टॅबिलायझर वीज तोडतो. त्याचं काम त्यानं इमानदारीनं केलं होतं. सर्व्हर गप्प. स्क्रीन काळी. वर ट्यूब चालू, पंखा चालू.

साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "मी हात लावला नाय," ते म्हणाले.

"तीही हेच म्हणत होती, साहेब."

दोन-तीन मिनिटांनी पुन्हा 'टक्' झालं आणि सर्व्हर आपोआप सुरू व्हायला लागला. साहेब खाली बसले आणि दाराकडं वळून म्हणाले, "कचरू, टॅप मीच सांगितला होता ना रे?"

"व्हय साहेब."

"मग तू कशाला दारात चोरावानी उभा? आत ये."

मामांचा जीव भांड्यात पडला, ते दिसलंच. त्याच दुपारी ट्रान्सफॉर्मर बंद करून त्यांनी टॅप दोन पायऱ्या खाली घेतला. सर्व्हरसाठी मी चांगल्या प्रतीचा स्टॅबिलायझर आणि यूपीएस लिहून दिला.

शनिवारी साहेबांनी सुनंदाला केबिनमध्ये बोलावलं. मी बसलेलोच होतो. साहेबांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मशीनचा दोष नव्हता, तुमचाही नव्हता. व्होल्टेजचा होता. कायमचं पत्र या महिन्यातच निघेल. झालं गेलं मनावर घेऊ नका, साळवे बाई."

तिनं किल्ली घेतली नाही. उभीच राहिली. मला वाटलं, रडते की काय. रडली नाही.

"साहेब, एक विचारू? काल किल्ली तुमच्याकडं होती, म्हणून तुम्हाला पटलं. ती माझ्याकडं असती, मी इथं असते आणि मशीन असंच पडलं असतं, तर?"

साहेबांनी टेबलावरचा काचेचा गोळा इकडचा तिकडं केला. मला वाटलं, आता काहीतरी गोलमाल बोलतील. तसं बोलणं त्यांना सोपं होतं.

"तर मी तुम्हालाच धरलं असतं," ते म्हणाले.

"व्हय," सुनंदा म्हणाली. मग किल्ली उचलली आणि कामाला गेली.

तिला पत्र मिळालं. पुढं बरीच वर्षं तिनं तो सर्व्हर सांभाळला, नंतरचे दोन सर्व्हरही माझ्यासोबत तिनंच बसवले. जगताप साहेबांशी ती शेवटपर्यंत नीट बोलायची, कामापुरतं. साहेबांनाही त्याहून जास्त मागायची हिंमत झाली नाही.

मी आता निवृत्त आहे, पण कुणी बोलावलं तर अजून जातो. कुठंही सर्व्हर अपग्रेड करायचा असला की झाकण उघडण्याआधी सॉकेटला मीटर लावतो, मशिनी चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा. मेमरी आणि डिस्क त्यानंतर. आणि कस्टमर आवाज खाली घेऊन म्हणाला की 'आमच्याकडं एक माणूस आहे, त्याच्यावर डाउट आहे', तर मी एवढंच विचारतो, तो माणूस रजेवर असताना त्याच्या खुर्चीत बसून तुम्ही मशीन चालवून बघितलं का? आजवर एकानंही हो म्हटलेलं नाही.